नववी नापासाचा गुणाकार

मंगळवार, १० जून. संध्याकाळी ७.१०. हाताचं ग्रीस धुऊन चिंचपोकळीच्या खोलीत बसलोय.

आमच्या कारखान्यातल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचा धोका मोजायला आज इंजिनीअर आला. म्हणे, मशीनपुढची संरक्षक जाळी उघडी असण्याची शक्यता कमी, हात आत असण्याची कमी. दोन्ही गुणले आणि धोका नगण्य! मूर्ख. पत्रा अडकला की जाळी उघडतो, ती हात घालायलाच ना?

तसं म्हणालो, तर विचारतो, "शिक्षण किती?"

"नववी नापास."

"मग राहू दे."

शेठ हसला. जाळी उघडताच मशीन थांबवणारा स्विच घ्यायचं रद्द.

नंतर प्रेसवाले राणेकाका कुजबुजले, "बोललंस ता बरा केलंस रे." शेठसमोर का नाही बोलले? हात त्यांचाच आत जातो.

उद्या पत्रा अडकला की मेन स्विच मी पाडणार. मग ओरडू दे शेठला.