पायावरचे डाग

प्रिय चेल्लय्या,

माझं अक्षर बघून पत्र फाडायला हात शिवशिवले असतील, पण शेवटापर्यंत वाच. तिरुप्पूरला गिरणीत लागलास, हे तुझ्या बायकोकडून, इसक्कियम्माळकडून कळलं. ती दिसली की एरवी मी रस्ता बदलतो. परवा मात्र देवळाच्या दारातच गाठ पडली आणि पळायला जागा उरली नाही.

इथे पाऊस लागलाय. माझ्या चहाच्या दुकानामागची माती अजून ओली आहे. गेल्या वर्षी अय्यप्पाच्या एक्केचाळीस दिवसांच्या व्रतात तिथेच आपण सगळे चटया टाकून झोपायचो. काळी लुंगी, गळ्यात माळ, पायात काही नाही. गुरुस्वामी म्हणून तुझ्या गळ्यात व्रताची माळ मीच घातली होती. पंधरा वर्षांचं दारूचं व्यसन तू एका सकाळी सोडलंस आणि मी गावभर मिरवलो की बघा, शंकरलिंगम गुरुस्वामीचा हात कसा आहे. कौतुक तुझं होतं, पण मिशीला पीळ मी भरला.

मग एक्केचाळिसावा दिवस आला. यात्रेला डोक्यावरून न्यायची इरुमुडीची गाठोडी बांधायला बसलो होतो. तू नारळात तूप भरायला वाकलास आणि तुझ्या पायांच्या तळव्यांवर, घोट्यांवर तांबूस-तपकिरी ठिपके दिसले. खाज नाही, दुखणं नाही, साबणाने जात नाहीत, असं तू सांगत होतास. मी कुठे ऐकतोय! व्रत मोडलं की अय्यप्पा अंगावर खूण देतो, असं माझे गुरुस्वामी सांगायचे. मला तेवढंच आठवलं आणि तुझी जुनी बाटली आठवली.

व्रतात आपण शेंबड्या पोरालाही स्वामी म्हणतो. मी पन्नास माणसांसमोर तुला नावाने हाक मारली.

"चेल्लय्या, माळ काढ."

"स्वामी, पाण्याशिवाय काही प्यायलो नाही," तू एवढंच म्हणालास.

माळ काढून माझ्या हातात ठेवलीस. ती गुंडाळून ठेवायला मला किती वेळ लागला, ते तुला दिसलं नसेल, कारण तू मान खाली घातली होतीस. त्याच संध्याकाळी तू दारूच्या दुकानात गेलास. मी यात्रेच्या बसमध्ये लोकांना म्हणालो, पाहिलंत, माझा अंदाज चुकत नाही. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

पोंगलनंतर सुनेला घेऊन मी तेनकाशीला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिच्याही पायावर तेच ठिपके होते, आणि ती तर चहाशिवाय कशाला शिवत नाही. बाईंनी नखांचा रंग काढायच्या पाण्यात कापूस भिजवून घासला. डाग फिके झाले, कापूस तपकिरी झाला. म्हणाल्या, ओल्या मातीत राहणारा तिळाएवढा किडा असतो. अनवाणी पायाखाली चिरडला की त्याच्या रसाचा डाग पडतो, आठ-पंधरा दिवसांत आपोआप जातो. यात रोग नाही की पाप नाही. सून हसत सुटली. मी खुर्ची धरून बसलो होतो.

तेव्हाच तुझ्याकडे यायला हवं होतं. आलो नाही. परवा इसक्कियम्माळ मला देवळाच्या दारात म्हणाली, "चाळीस दिवस माझा नवरा घरी जेवला, स्वामी. एक्केचाळिसाव्या दिवशी नाही जेवला." आवाजही चढवला नाही तिने. त्यापेक्षा चप्पल मारली असती तर बरं झालं असतं.

तिलाही जे सांगू शकलो नाही, ते तुला सांगतो. तुझी माळ उतरवली त्या दिवशी माझ्याही पायावर डाग होते. दोन दिवस आधीच दिसले होते. मी पहाटे उठून पायांना घोट्यापर्यंत भस्म फासायचो, आणि लोक म्हणायचे, स्वामींची भक्ती बघा. माझ्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून तुझ्यावर बोट दाखवलं, चेल्लय्या. तसाच अय्यप्पाच्या देवळाच्या अठरा पायऱ्या चढलो.

पुढच्या शुक्रवारी कार्तिक लागतोय, नव्या व्रताच्या माळा घालायचा दिवस. हे सगळं मी तेव्हा देवळात त्याच पन्नास माणसांसमोर सांगणार आहे, तू आलास किंवा नाही आलास तरी. तुझी माळ मी जपून ठेवली आहे, ती इसक्कियम्माळकडे देतो. माझी माळ या वर्षी कुणाच्या हातून घेणार नाही. तू येऊन घातलीस तरच घालेन, स्वामी. नाही आलास तर घरी बसेन.

तुझाच,
शंकरलिंगम