माणूस किंवा माल

२ डिसेंबर, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस फार आनंदात गेला. परवाच दोंडाईच्याहून सुरतेत आले. इथल्या नवागाम वस्तीत सुकलालमामांनी दोन खोल्यांतली खिडकीशेजारची जागा माझ्या पुस्तकांसाठी मोकळी करून ठेवली होती.

पर्वत पाटियाच्या पुढे बावीस मजली इमारत उभी राहत आहे. तिथल्या पत्र्याच्या केबिनमध्ये कपाटाएवढा संगणक आहे. सगळे त्याला ‘पेटी’ म्हणतात. चाळीस कॅमेऱ्यांची चित्रे ती बाहेर कुठेही न पाठवता जागीच तपासते आणि क्रेन, लिफ्ट, फाटक कधी चालवायचे, कधी थांबवायचे, हे क्षणात ठरवते. इंटरनेट गेले तरी तिचे काही अडत नाही. चित्रातल्या प्रत्येक आकृतीला मी नाव द्यायचे: ‘माणूस’ किंवा ‘माल’. त्यावरून पेटी शिकते. मला शिक्षिका झाल्यासारखे वाटले.

घमेली वाहणाऱ्या सरलाबाई आमच्याच गल्लीतल्या. दारातून डोकावून त्यांनी विचारले, “काय वं पोरी, दिनभर आम्ना फोटू देखत बठस का?” मी लाजून मान हलवली. दुपारी अर्धी भाकरी त्यांनी न विचारताच माझ्या डब्यात ठेवली.

५ डिसेंबर, गुरुवार

एक अडचण आहे. बायका डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर घमेले घेतात. हेल्मेटवर घमेले ठरत नाही. उघडे डोके दिसले की पेटी भोंगा वाजवते आणि क्रेन थांबवते. दिवसातून वीस-वीस वेळा. अभियंते दीपक सर म्हणाले, घमेलेवाल्या बायकांना सरळ ‘माल’ लिहून टाक, काम थांबता कामा नये. मी चाचरत विचारले, हे चालेल का? ते हसले, पुस्तकात सगळे नसते, म्हणाले.

संध्याकाळपर्यंत अकराशे चित्रे पूर्ण केली. एकही चूक नाही. सरांनी सर्वांसमोर शाबासकी दिली.

९ डिसेंबर, सोमवार

भोंगा थांबला आहे. पडद्यावर पुरुषांभोवती हिरवी चौकट, बायकांभोवती पिवळी: माल. राहवेना, म्हणून सरलाबाईंना खरे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. “बरं जयं,” म्हणाल्या, “मुकडदम तरी माले माणूस कोठे समजस?” सगळ्या बायका हसल्या. मला हसता आले नाही.

आज त्या घमेले खाली ठेवून तोंड पुसत होत्या. डोक्यावर काहीही नव्हते. चौकट पिवळीच होती.

११ डिसेंबर, बुधवार

भांडारातल्या ज्योतीताई नेहमी हेल्मेट घालतात. त्यांच्या चित्रांना मी कधी हातही लावलेला नाही. आज त्यांच्याभोवती पिवळी चौकट आली आणि फाटक त्यांच्यासाठी उघडले नाही.

काल सगळी नावे मी पुन्हा ‘माणूस’ अशी केली होती. सकाळी पाहिले तर ती पूर्ववत. सर म्हणाले, पेटी आता आपली आपण शिकते, बाहेरून तिला कोणी सांगू शकत नाही. आणि मी हे जास्त बोलू नये.

दुपारी मालाची लिफ्ट घमेलेवाल्या प्रमिलाबाईंच्या पायावर उतरली. थांबली नाही. उतरतच राहिली.

पेटीच्या नोंदीत एकच ओळ: माल, किरकोळ नुकसान.

१३ डिसेंबर, शुक्रवार

हेल्मेट घालून कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. पिवळी.

पेटी मालाचे रोजचे नियोजनही करते: कोणता माल कुठे, किती वाजता. यादीत आज चेहरे आहेत. सरलाबाईंच्या चेहऱ्यापुढे: इमारतीच्या पायाचा खड्डा, काँक्रीटचा भराव, शनिवार, साडेअकरा.

सरांना दाखवायला गेले. त्यांच्या पडद्यावर त्या जागी फक्त ‘माल’ होता; चेहरा नव्हता. ते म्हणाले, तुला विश्रांतीची गरज आहे.

सरलाबाईंच्या घरी गेले. उद्या येऊ नका, असे विनवले. त्या म्हणाल्या, खाडा झाला तर मुकादम कामावरून काढेल. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

१४ डिसेंबर. ११.०५

मुकादमाने सरलाबाईंना खड्डा झाडायला उतरवले आहे. सरांना फोन केला. “पडद्यावर खड्डा रिकामा आहे,” एवढेच म्हणाले. मी जाते —

११.२२

खाली आहे. त्यांचा पाय सळ्यांत अडकला होता, तो सोडवला. तेवढ्यात क्रेनने शिडी उचलून नेली. तीही यादीत असावी.

खड्डा दोन पुरुष उंचीएवढा खोल. काँक्रीटचा पंपवाला पत्र्याच्या कुंपणापलीकडे बसतो. तो खड्डा पाहत नाही, पडदा पाहतो. पंपाच्या आवाजात हाका —

सरलाबाईंनी मला खांद्यावर घेतले. काठ हाताला लागत नाही. अजून हातभर.

समोर कॅमेरा. वळतो आहे. आम्हाला पाहतो —

११.२९

पाइप हलला. सरलाबाई मला खाली उतरू देत नाहीत. म्हणतात, तू लिही, वही वर फेक, कोणी तरी —

खाली ओले काँक्रीट. त्यांच्या गुडघ्यापर्यंत —

ज्याला ही वही सापडेल त्याने पडदा पाहू नये. खड्ड्यात पाहावे. इथे दोन माणसे आहेत. सरलाबाई आणि