मुखवट्याची आई

आमोका, ४ नोव्हेंबर १९७९

चि. न्केइरूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू तिकडे इबादानला खुशाल असशील असं धरून लिहिते. इकडे कोरडं वारं यंदा लवकर सुटलंय, घरभर लाल धूळ. चारही मुली खोकतायत. नवरा बरा आहे. झालं, क्षेमकुशल संपलं, आता खरं लिहिते.

तुझं पुस्तक उमुनाचीला, आपल्या गावात पोचलं. ओबिएफुनाचा पुतण्या ओनित्शाला कचेरीत आहे ना, त्याने आणलं. पुरुषांच्या बैठकीत त्याने ते दिवसभर वाचलं, म्हाताऱ्यांना इंग्रजी कळत नाही म्हणून वाक्यागणिक आपल्या बोलीत सांगत गेला. म्हणे बरीच पानं सगळे मजेत ऐकत होते, तुझी तारीफसुद्धा झाली. मग ते प्रकरण आलं. कणगीमागे बाई आपल्या नवऱ्याच्या अंगावर मुखवट्याच्या दोऱ्या आवळते, त्याच्या मानेवरचा घाम पुसते, आणि मग तिचा नवरा पितर होऊन गावात निघतो, तिथे पुतण्या थांबला. बैठकीत वाटलेल्या कोलाच्या फळाचा तुकडासुद्धा कुणी चावेना.

ओबिएफुना आता मुखवट्याच्या मंडळाचा मुख्य आहे. तो म्हणाला की आत माणूस असतो हे उमुनाचीत एकाच बाईला ठाऊक आहे, आणि ही लिहिणारी तिच्याच पोटची.

न्केइरू, तुला काय सांगायचं! पितर वारुळातून वर येतात, त्यांना घाम येत नाही, आणि ते दिसले की बायकांनी पळायचं, एवढंच आपल्याला माहीत असायला हवं. आईची पाळी जाऊन दहा वर्षं झाल्यावर मंडळाने तिला आत घेतलं, मुखवट्याची आई केलं. लढाईत हेच सगळे रानात पळाले तेव्हा थोरला मुखवटा तिने कसाव्याच्या ढिगाखाली दडवला आणि सैनिकांसमोर त्या ढिगावर बसून राहिली. आज त्याच लोकांनी तिला वाळीत टाकलंय. कुणी बोलायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, तिच्याकडून तेल घ्यायचं नाही, तिच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही. मीच लेकीला सांगितलं, असं कबूल करून ती गुडघ्यावर येईपर्यंत.

तू काहीतरी कर. शिकलेली आहेस, तुला शब्द सुचतात.

मुली मावशीची आठवण काढतात. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
आनुलिका


इबादान, १३ नोव्हेंबर १९७९

ती. आनुताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि वर्गावर गेलेच नाही. खोलीत बसून राहिले.

ताई, मी कुणाला उघडं पाडायला लिहिलं नव्हतं गं. इथे मी मुलांना आपल्याच लोकांची पुस्तकं शिकवते. मोठमोठी पुस्तकं, साहेबसुद्धा वाचतात. त्यांत बाई एकतर मार खाते नाहीतर कंद कुटते. पितर निघाले की किंचाळून पळते, की तिचं काम संपलं. मला वाटलं, आपल्या आईसारखी एक बाई तरी मध्ये उभी करावी. ती उभी केली आणि खऱ्या आईला खाली पाडलं.

आईने मला कधी अवाक्षर सांगितलेलं नाही. मला कुणी सांगितलं ते तुला आठवतंच. तू अकरा वर्षांची होतीस, मी सात. तू कणगीमागे दडून बाबांना मुखवटा घालताना पाहिलंस, आणि धावत येऊन चटईखाली माझ्या कानात सांगितलंस की आत बाबाच आहेत. आई तर तेव्हा मंडळात नव्हतीच! दोऱ्या आवळणारी बाई मी मनाने रचली.

घाबरू नकोस, तुझं नाव मी घेणार नाही. मी ओबिएफुनांना लिहिते की मीच पाहिलं होतं. जो दंड करायचा तो मला करा म्हणून. उद्याच टपालात टाकते. आईला एकदा माझ्यातर्फे नमस्कार सांग, आणि रागावली असेल तर तेही कळव.

तुझ्या पदरात घे, एवढंच.
न्केइरू


आमोका, २९ नोव्हेंबर १९७९

चि. न्केइरूस,
आशीर्वाद.

तू ओबिएफुनाला लिहिलंस ते पत्र त्याने भर बाजारात वाचायला लावलं. आणि हसला. म्हणाला की ही पोरगी सातव्या वर्षीच मिशनच्या मडमांकडे शिकायला गेली, हिने कधी आणि कुठून पाहिलं? मग म्हणाला की एवढ्या मोठ्या पत्रात चुकलो हा शब्द कुठे आहे, दाखवा. मीही ऐकताना शोधला गं. खरंच नव्हता. तू दंड लिहिलास, जबाबदारी लिहिलीस, परंपरेवर एक अख्खा परिच्छेद लिहिलास.

त्याच दुपारी कुणीतरी आईची बाजारातली फळी उलथी केली. बाबा गेल्यापासून वीस वर्षं ती त्या फळीवर बसली. तेलाची भांडी फुटली, तेल मातीत गेलं आणि ज्यांच्या बाळंतपणात ती रात्रंदिवस राबली त्या बायका ओगराळी पुसत खाली बघत राहिल्या. मी आमोकाची सून असले तरी उमुनाचीचीच लेक, म्हणून मलाही अंगणात जायला बंदी. तरी मी मागच्या ओढ्याकडून गेले. ती उकडलेला कंद मिठाशिवाय खात होती, कारण मीठ कुणी विकत नाही. मला बघून म्हणाली की आलीस तशी परत जा, तुझ्या सासरी कळलं तर तुझ्या मुली उघड्या पडतील. मी मीठ ठेवून आले.

आता तुझ्या पाया पडते. आपल्या चटईखालची गोष्ट पुन्हा कागदावर लिहू नकोस. तुझं पत्र मी चुलीत घातलं. माझा नवरा इथल्या मंडळात आहे. मी पाहिलं आणि मी बोलले हे त्याच्या कानावर गेलं तर तो मला एक दिवस ठेवणार नाही, आणि मुली त्याच्या. धाकटी अजून तीन वर्षांची नाही.

मी किती भित्री आहे ते मला कळतं. दर सकाळी ठरवते की आज जाऊन सांगेन. मग धाकटी उठते.

मला फार वाईट समजू नकोस.
आनुलिका


उमुनाची, बाजाराचा दिवस, डिसेंबर

न्केइरू पोरी,
आईचा आशीर्वाद. मिशनच्या बाईंनी शिकवलेली अक्षरं आता नीट येत नाहीत, लावून वाच.

मी मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जाऊन हे टाकणार आहे. इथला कुणी माझं पत्र नेणार नाही. खायला आहे. काळजी करू नको.

तू त्या बहिणीला सांग, तोंड उघडायचं नाही. तिला वाटतं मला ठाऊक नाही. मी तेव्हाच पाहिलं होतं. कणगीमागे ओल्या मातीत तिची पावलं उठली होती, डाव्या पायाचं बोट वाकडं. पुरुष परत यायच्या आत मी खराट्याने झाडून टाकली. मंडळात नव्हते तरी कळत होतं सगळं. तीस वर्षं झाली त्याला. आता ती आपल्या तोंडाने सांगणार असेल तर मी झाडलं कशाला?

तुझं पुस्तक मला ओबिएफुनाच्या बायकोने कुंपणाआडून सांगितलं. ती हळूच येते. त्यातली बाई दोऱ्या बांधते आणि रडते म्हणे. मी कधी रडले नाही. मी हात ठेवल्याशिवाय थोरला मुखवटा जमिनीवरून उठत नाही. ओबिएफुना एवढा मोठा, पण तो मुखवटा घालून माझ्यापुढे गुडघे टेकतो आणि मी हात ठेवेपर्यंत लहान पोरासारखा श्वास धरून बसतो. हे तू लिहिलं नाहीस. तू बाईला कणवेने बघितलंस. नीट बघितलं नाहीस.

मी कबूल होणार नाही. जे मी केलं नाही ते मी केलं म्हणणार नाही, आणि जिने केलं तिचं नाव सांगणार नाही. तिच्या आणि त्यांच्या मधे बसून राहीन.

गार पाण्याने डोकं धुवू नको.
तुझी आई,
म्ग्बाफो


उमुनाची, १० जानेवारी १९८०

चि. न्केइरूस,
ताईचा आशीर्वाद.

तुझी तार मिळाली, पण उत्तर द्यायला उसंत नव्हती. आता क्रमाने सांगते.

सोळा डिसेंबरला आईची शेजारीण न्वान्यिन्मा पाच मैल चालत आमोकाला माझ्या दारात आली. आत आली नाही. उभ्याउभ्या म्हणाली की तुझ्या आईच्या घरातून दोन दिवस धूर निघालेला नाही. तिने परवा मडकं फुटल्याचा आवाज ऐकला होता. कुंपणापाशी येऊन एक हाक मारली, ओ आली नाही, आणि ती परत फिरली. बंदी होती ना. सांगताना तिने स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. मी तिला काय बोलणार होते? मी तरी त्या पंधरवड्यात कुठे गेले होते?

आई स्वयंपाकाच्या खोपीत जमिनीवर पडली होती. डोळे उघडे होते. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. दोन रात्री ती तशीच होती, न्केइरू. मुंग्या लागल्या होत्या. मी एकटीने तिला ओढत चटईवर घेतलं. ओबिएफुनाकडे धावले, की आता तरी दोन माणसं द्या, दवाखान्यात न्यायचंय. तो म्हणाला की कबुली झालेली नाही.

तिथून मी थेट माहेरवाशिणींकडे गेले. तुला ठाऊक आहे, आपल्या भावकीच्या सगळ्या लेकी, कुठेही दिलेल्या असोत, एकत्र आल्या की त्यांच्यापुढे पुरुषाचं काही चालत नाही. सगळ्यांत थोरली ओयिरिदिया, ऐंशीच्या पुढची. तिने चार दिवसांत बासष्ट जणी गोळा केल्या. मी दवाखान्याचं नाव काढताच त्यांतल्याच सहाजणींनी आईला झोळीत घालून नेलं आणि परत आणलं. डॉक्टर म्हणाला फार उशीर झाला.

मग आम्हा माहेरवाशिणींची बैठक भरली. ओयिरिदियाने विचारलं की म्ग्बाफोने लेकीला सांगितलं की नाही, आम्हाला खरं हवं. मी उठले. मी सांगून टाकलं की आईने नाही, मी पाहिलं, अकराव्या वर्षी, आणि मी बोलले.

मला वाटलं आता थुंकतील. ओयिरिदियाने विचारलं की कुठून पाहिलंस. कणगीमागून म्हटलं. ती म्हणाली की मी न्हाणीच्या भिंतीवरून पाहिलं होतं, टोळधाडीच्या वर्षी. मग आग्बोमाची नावाची एक म्हणाली की तिच्या नवऱ्याच्या टाचेला भेग आहे आणि पितराच्याही टाचेला तीच भेग. एक म्हणाली की पितर निघाल्यानंतर दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला कोण बसतं! न्केइरू, बासष्टच्या बासष्ट जणींना माहीत होतं. आयुष्यभर आम्ही एकमेकींपासून लपवत होतो. काही हसायला लागल्या, आणि हसता हसता ओयिरिदिया रडायला लागली, की मग ती म्हातारी दोन रात्री जमिनीवर कशापायी पडली.

दुसऱ्या सकाळी आम्ही ओबिएफुनाच्या अंगणात जाऊन बसलो. चटया, पातेली, मुसळं घेऊन. त्याचं सरपण जाळलं, त्याच्या भिंतीवर मुसळं आपटली, त्याच्या पोटावर, चालण्यावर, घोरण्यावर गाणी रचली. त्याची बायको आतून मीठ आणून देत होती. गावातल्या सुनांनीही कुठल्याच घरी चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी तो बाहेर आला आणि म्हणाला की बायकांनी पितरांच्या कामात पडू नये. ओयिरिदिया बसल्या जागेवरूनच बोलली. म्हणाली की आम्ही पडणार नाही. फक्त सणाला पितर निघतील तेव्हा आमच्यातली एकही पळणार नाही. उभ्या राहू, बघू, आणि ज्याची टाच ओळखू येईल त्याला नावाने हाक मारू.

संध्याकाळच्या आत बंदी उठली. त्याच्याकडून एक बोकड दंड आणि सगळ्यांदेखत माफी.

पाच तारखेला सण होता. थोरला मुखवटा आईच्या अंगणात आला, तिचा हात लागल्याशिवाय पुढे जाता येत नाही म्हणून. आम्ही तिला खुर्चीत उशा लावून बसवलं होतं. तो गुडघ्यांवर बसला. ढोल थांबले. तिचा डावा हात चांगला आहे, त्याने ती मला चिमटेसुद्धा काढते. तो हात मांडीवर होता. तिने मुखवट्याकडे बराच वेळ पाहिलं, गवताच्या झालरीपासून वर शिंगांपर्यंत. मग डोळे मिटून घेतले आणि हात उचलला नाही. मी कानाशी वाकून विचारलं, तर मान फिरवली. सगळं गाव उभं होतं. ऊन कलेपर्यंत तो तसाच बसून होता, मग उठून आला त्या वाटेने परत गेला. यंदा उमुनाचीत पितर बाजारात नाचले नाहीत.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मला नाही वाटत.

त्या बैठकीतल्या दोघी आमोकाला दिलेल्या आहेत. माझ्या नवऱ्याला कळायला आठवडा लागला नाही. त्याने माझी पेटी पाठवली. पेटी आणणाऱ्याकडे निरोप, की सगळ्याजणींना ठाऊक असेल, पण तू तोंडाने बोललीस. मुली त्याच्याकडे. मी दोनदा गेले, सासूने दार लावून घेतलं. आतून धाकटीचा आवाज येत होता, तिला कुणीतरी चवळीची भजी देऊन गप्प करत होतं. ओयिरिदिया म्हणते की पेरणी झाली की आमोकालाही जाऊन बसू. पेरणीला तीन महिने आहेत. तीन महिन्यांत ती मला विसरेल.

आईने माझी पावलं झाडली होती हे तू कळवलंस, ते पत्र पेटीबरोबर त्याच दिवशी मिळालं. मी ते तिला वाचून दाखवलं नाही. तिच्याजवळ बसले आणि पाय तिच्या नजरेसमोर येणार नाहीत असे दुमडून घेतले.

तू लिहितेस की आता यायला तोंड नाही. तोंडाचं इथे काही काम नाही गं. तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला फोड येतात, आणि ते माझ्या एकटीच्याने होत नाही. ओनित्शापर्यंत बस आहे, पुढे कुठलाही ट्रक घेतो. ये.

वाट बघते, एवढाच लोभ समज.
तुझी,
आनुलिका