लख्ख खोके

ता. ३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं खुशाल आहे असं लिहायला बसलो होतो, पण खुशाल काही नाही. पिल्लं मरताहेत गं.

जन्मतात चांगली गुटगुटीत. डोळे उघडतात, खोक्याबाहेर उड्या मारायला लागतात, आणि दूध सुटून गवताला तोंड लावलं की संपलं. पोट टम्म फुगतं, मागून पाण्यासारखं जातं आणि सकाळी बघावं तर कोपऱ्यात पाय ताणून पडलेली. मागच्या खेपेचं एकही हाताला लागलं नाही.

छापखान्यातली नोकरी सोडून मी ससे पाळायला घेतले तेव्हा अप्पा काय काय बोलले होते, तुझ्यासमोरच बोलले होते. आता बोलत नाहीत. रोज सकाळी शेडच्या दारात येतात, आज किती गेली ते विचारतात आणि चहा प्यायला निघून जातात. हे शेड बंद पडलं ना, तर मला या घरात तोंड दाखवायला जागा नाही.

आता तू म्हणशील, घाण असेल. तेवढं मात्र म्हणू नकोस. माझ्या बायकोचा हात तुला माहीत आहे. मादी अंगावरचे केस उपटून खोक्यात गादी करते, दिवसातून एकदा पाजायला येते आणि जाताना चार लेंड्या टाकून जाते. ही रोज सकाळी त्या चिमट्यानं वेचते, खोका साबणाच्या पाण्यानं पुसते, उन्हात वाळवते, मग पिल्लं आत. तुमच्या प्रयोगशाळेतही एवढी पुसापुशी होत नसेल.

तू दिवसभर जनावरांची आतडीच तर चिरत बसतेस. यातलं काही कळतं का बघ. माझ्यावर माया आहे ती तशीच असू दे.

तुझा,
कान्या

ता. १० जानेवारी

चि. कान्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अरे वेड्या, लहानपणी तुझे कान बघूनच मला वाटलं होतं की तू शेवटी सशांत जाणार! रडू नकोस. मेलेली पिल्लं बर्फात घालून पाठव, बघते.

एक गोष्ट नीट ऐक. कुठलंही औषध देऊ नकोस, गवत बदलू नकोस, काही म्हणजे काही बदलू नकोस. जसं चाललंय तसंच चालू दे, नाहीतर कारण सापडायचं नाही. वहिनीला सांग, खोके अजून लख्ख ठेव. लेंड्या रोज वेचते ना? एखादीही राहत नाही ना? तेवढं मला नक्की कळव.

माझं बरं आहे. पाचवा महिना लागलाय. उलट्या थांबल्या, पण चिरलेल्या आतड्यांचा वास मात्र सहन होत नाही, काय करणार! तुझे मेहुणे म्हणतात, जूनमध्ये वहिनीलाच बोलवू, तान्ह्या बाळाला तिच्यासारखा स्वच्छ हात मिळणार नाही. तिच्या कानावर घालून ठेव.

तुझी,
ताई

ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बर्फाची पेटी मिळाल्याचं कळलं. तू सांगितलंस तसंच चालू आहे. एक लेंडी राहत नाही. हिचे हात साबणानं फुटलेत, पण मीच मागे लागतो. परवा तोल गेला माझा. रागाच्या भरात तिला म्हणालो की तुझ्याच हाताला काहीतरी आहे, तू शिवतेस म्हणून मरतात. तिनं पुन्हा बादली भरून आणली.

मध्ये तिला ताप होता. तेव्हा काळ्या मादीचा खोका तसाच राहिला, घाणेरडा. त्यावरूनही भांडण झालं. पण त्यातली पिल्लं अजून टुणटुणीत आहेत, गवत खाताहेत. नशीब म्हणायचं, दुसरं काय?

अजून काही कळलं नाही का गं? अप्पांनी शेडची जागा कुणाला तरी दाखवली.

तुझा,
कान्या

ता. ८ फेब्रुवारी

चि. कान्यास,
आशीर्वाद.

काळ्या मादीची ती पिल्लं जिवंत पाठवून दे. सगळी. अरे, वरून टुणटुणीत दिसणारीच आजार पसरवतात. ती शेडमध्ये राहिली तर उरलेली कशी वाचणार? दया दाखवत बसू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. बाकीचं जसं चाललंय तसंच.

वहिनीला ओरडू नकोस रे, बिचारी किती करते.

तुझी,
ताई

ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाठवली. एक तिनं पायाला लाल दोरा बांधून पदराखाली लपवलं होतं. माझ्यावर उपकार करा, एवढं राहू द्या, असं म्हणत होती. मी तिच्या हातातून ओढून घेतलं. नख लागलं तिला. त्याच संध्याकाळी ती आईकडे गेली.

खोके आता मी पुसतो. पुसण्यासारखं काही राहिलं नाही म्हणा. माद्या विकल्या. अप्पा आता किती गेली ते विचारत नाहीत.

कारण सापडलं का, एवढंच कळव.

कान्या

ता. १५ मे

चि. कान्यास,
अनेक अनेक आशीर्वाद!

अरे, सापडलं! आणि कसं सापडलं! माझा शोधनिबंध स्वीकारला गेला, विभाग माझ्या हाताखाली आला. तुला कधी एकदा सांगते असं झालं होतं.

मादी त्या लेंड्या मुद्दाम टाकते. पिल्लं त्या खातात. त्यातून आईच्या पोटातले जंतू त्यांच्या पोटात जाऊन वस्ती करतात, मग आतड्याचं अस्तर जाड होतं, त्यावर बारीक लव दाट उगवते, गवत पचवायची ताकद येते आणि वाईट जंतूंना शिरायला जागा उरत नाही. तुझ्या पिल्लांची आतडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होती. काळ्या मादीची मात्र बघत राहावी अशी. वहिनीनं लपवलेलं ते लाल दोऱ्याचं पिल्लू तर सगळ्यांत सुरेख निघालं, निबंधात त्याचंच चित्र दिलंय.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला अंदाज आला होता. पण तुला सांगितलं असतं तर तू वेचणं थांबवलं असतंस, आणि एवढे स्वच्छ खोके मला दुसरं कोण देणार होतं? रागावू नकोस. निबंधात आभार मानलेत, 'एक पाळणारा' असे. पुन्हा सुरू कर, माद्या मी देते. वहिनीला आणलंस ना? जून जवळ आलाय. तिच्याशिवाय मला दुसरं कुणी नको.

तुझी,
ताई

ता. २३ मे

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन हे मला न्यायला आले. आईच्या ओट्यावर बसून सगळं वाचून दाखवलं, चित्रापर्यंत आले आणि पुढे वाचवेना. बाकीचं मी वाचलं. आता घरी आले आहे. हे दिवसभर रिकाम्या शेडमध्ये बसून असतात. मामंजींनी कुलूप आणून ठेवलंय.

बोलावलंत, येते. तुम्ही कसलीही काळजी करू नका. बाळाची आंघोळ, दुपटी, बाटल्या, पाळणा, सगळं माझ्याकडे सोपवा. माझ्या हाताची स्वच्छता तुम्ही जगाला दाखवलीत, ती मी कशी सोडेन? बाळाला कुणाचा हात लागू देणार नाही. तुमचासुद्धा.

आणि मध्येच त्याचं पोट बिघडलं तर घाबरून जाऊ नका, डॉक्टर बदलू नका, काही म्हणजे काही बदलू नका. मला विचारा. मला पहिल्याच दिवशी कळलं असेल. पण सांगेन नंतर, सगळं नीट पार पडल्यावर.

बॅग भरून झाली. चिमटा आणि साबण घेतला आहे. मोठ्यांनी लोभ करावा, आम्ही तो विसरत नाही.

आपली,
वहिनी