समजा, मी इथे नाहीच

३ नोव्हेंबर, सोमवार
आले एकदाची रत्नागिरीत! पहिला जॉब, पहिली स्वतःची खोली, आणि खिडकीतून चक्क समुद्र. ऑफिस माळनाक्याला, दोनच खोल्यांचं. विनीत सर म्हणाले, आमच्याकडे सगळे कोडिंगवाले, माणसांवर टेस्ट घेणारं कोणी नाही, ते आता शमिका, तू बघ. मग काय! ट्रॉलरवरच्या खलाशांसाठी व्हीआर ट्रेनिंग बनवतोय. इंजिनच्या खोलीत पाणी शिरतं, शिडी शोधून वर यायचं. मी हेडसेट घालून बघितला. पाणी गुडघ्याला आलं तेव्हा मी खरंच पाय उचलले. सगळे हसले.

५ नोव्हेंबर
टेस्ट प्लॅन तयार. चार पानं! किती माणसं, काय काम द्यायचं, काय मोजायचं. सगळ्यात भारी माझी स्क्रिप्ट. टेस्टमध्ये मदत करायची नाही, नाहीतर रिझल्ट बिघडतो. कोणी ‘आता काय करू’ विचारलं, की गोड आवाजात म्हणायचं, समजा, मी इथे नाहीच, मग काय कराल? सरांनी विचारलं, टेस्ट मधेच कधी थांबवायची ते कुठे लिहिलंयस? म्हटलं, टाकते नंतर.

७ नोव्हेंबर
पहिले पार्टिसिपंट आत्माराम काका, मिऱ्या गावचे, वय अडुसष्ट. सोबत मुलगी दमयंती. माझ्यासाठी शहाळं आणलेलं. मला म्हणाले, “चाळीस वर्सं बोट चालवली मी, आनि ह्या चेडू मना बोट शिकवतंय!” दमयंतीने दटावलं, बाबा, गप बसा नि ती टोपी घाला. मी पट्टा मागून घट्ट केला, हेडसेटला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. दमयंतीला बाहेर बसवलं, रेकॉर्डिंग चालू केलं. प्लॅनमध्ये तसंच होतं.

पाणी छातीला आलं तसे काका विचारायला लागले, “बाय, आहेस ना गो तिथे? ह्या काढू काय?” मी म्हटलं, समजा, मी इथे नाहीच. परत विचारलं. परत तेच म्हटलं. पाच वेळा. मग ते गप्प झाले. मी नोट्समध्ये लिहिलं, ‘युजर स्वतः विचार करतोय.’ आणि खूश झाले.

अकरा मिनिटांनी हेडसेट काढला, तर चेहरा ओला. लेंगाही ओला. मी बघून न बघितल्यासारखं केलं. दमयंतीला ते म्हणाले, बरा होता. माझ्याकडे बघितलंच नाही.

शहाळं अजून तसंच आहे. फोडवत नाही.

१० नोव्हेंबर
काका काल गेले. हार्ट अटॅक. दमयंतीचा फोन आला. त्या दिवसापासून ते कोणाशी बोलले नव्हते म्हणे, फक्त मधूनच हाक मारायचे, बाय, आहेस ना गो. कोण बाय, तिला कळेना.

मला कळलं.

तिला रेकॉर्डिंग हवंय, बाबांचा शेवटचा आवाज म्हणून. सरांना सगळं सांगायला उठले आणि तोंडातून निघालं, सेशन छान झालेलं. जॉब जाईल म्हणून. मग शेवटची सहा मिनिटं कापली आणि तिला फक्त हसण्याबोलण्याची पाच पाठवली. ती मला थँक्यू म्हणाली.

१२ नोव्हेंबर
दुसरा पार्टिसिपंट सुजय, मिरकरवाड्यावरचा खलाशी. तोंडाने फटकळ. पाणी कमरेला आल्यावर म्हणाला, आधी त्या म्हाताऱ्याला वर घ्या. मी विचारलं, कुठल्या? म्हणाला, शिडीखाली बसलाय तो, डोळ्यांवर कायतरी बांधलंय त्याच्या, सोडू काय?

आम्ही तिथे कोणालाच ठेवलेलं नाही.

सुजय हेडसेट टाकून निघून गेला. जाताना म्हणाला, मॅडम, असली मस्करी करू नका. मी लिहिलं, ‘ग्राफिक्समध्ये बग.’

१३ नोव्हेंबर
सरांनी सगळं तपासलं. म्हातारा नाही.
कापलेला तुकडा सहा मिनिटांचा होता. आज चाळीस मिनिटांचा दिसतोय. शेवटपर्यंत ऐकला.
काका अजून विचारतायत.

१४ नोव्हेंबर, दुपार
दमयंतीला आज सांगणार. नक्की. पण आधी हेडसेट घालून आत जाते, काकांचा पट्टा सोडते. मीच बांधला होता. सर शेजारच्या खोलीत आहेत, म्हणून हिंमत—

नंतर
होते. तिथेच. माफी मागितली, पट्टा सोडला. काका उठले, शिडी चढून गेले. माझ्याकडे बघितलं नाही.
हेडसेट काढला— काढलाय, टेबलावर हाताला लागतोय— पण डोक्याला पट्टा तसाच घट्ट, आणि पाणी आहे. अजून आहे. वही कोरडी, पाय—
सरांना हाक मारली. पलीकडे खुर्ची सरकली. आले नाहीत.
कमरेला. शिडी दिसत नाही. दमयंती, सहा मिनिटं मी कापली, ते विचारत होते आणि मी—
कोणीतरी आहे. अगदी कानाशी. पेनचा आवाज येतोय, काहीतरी लिहून घेतायत. मी विचारलं, आहात ना तिथे? हे काढू का?
गोड आवाज. माझाच. म्हणाला, समजा,