तीन कागद, एक ताट

५ जाने., सोम.
शालिनीचा रिपोर्ट. क्रिएटिनिन ४.२, पोटॅशियम ५.७. मागच्या खेपेला ५.४ होतं. किडनीच्या डॉक्टरांनी कागद दोनदा वरखाली पाहिला, बीपीची एक गोळी बंद केली, पाण्यात कालवून घ्यायची पावडर लिहून दिली. म्हणाले, पोटॅशियम असंच चढत राहिलं तर हृदयाला धोका, खाण्याचं बघा, डाएटिशियनला दाखवा. कोणाला दाखवू? "कोणीही चालेल." तोवर पुढचा पेशंट आत आलासुद्धा.
शुगरचे डॉक्टर हेच म्हणाले होते. बीपीचे पण. पत्ता मात्र एकानंही दिला नाही.
रिक्षात शा. म्हणाली, भूक लागली. बिस्किटाचा पुडा घेतला, मग हे चालतं की नाही तेच कळेना म्हणून खिशात ठेवून दिला. ती बघत होती.

६ जाने., मंगळ. अंगारकी.
शा.ची चतुर्थी. वर्षा पोटात होती तेव्हा धरलेली, एकोणतीस वर्षं एक मोडलेली नाही. दुपारी ताटलीत उकडलेला बटाटा, शेंगदाण्याची आमटी, दोन खजूर, राजगिऱ्याचा लाडू. म्हणे, उपासानं किडनीला तेवढाच आराम. खरं सांगायचं तर मलाही इतकी वर्षं तसंच वाटायचं.
फोनवर एकेक नाव घालून पाहिलं. बटाट्यात पोटॅशियम जास्त. शेंगदाण्यात जास्त. खजुरात तर विचारू नका. ताटली तिच्या पुढून उचलली. "आजपासून चतुर्थी बंद."
"अहो, वर्षाची चतुर्थी आहे ती."
"वर्षाला आई पाहिजे का चतुर्थी?"
असं बोलायला नको होतं. तिनं भात खाल्ला, देवाकडं पाठ करून.

८ जाने., गुरु.
औरंगपुऱ्यात एक डाएटिशियन सापडली, कपड्याच्या दुकानावर दुसरा मजला. भिंतीवर आधी जाड आणि मग बारीक झालेल्या बायकांचे फोटो. शा.ला दम लागला जिने चढताना. त्या डाएटिशियन मुलीनं आधी वजन केलं. ४७ किलो. मग तिलाच प्रश्न पडला की आता काय कमी करायचं.
मी म्हणालो, किडनी आहे, शुगर आहे, बीपी आहे. ती म्हणाली, काही हरकत नाही, आणि छापील कागद दिला. सकाळी नारळपाणी, मोड आलेले मूग, दुपारी पालक सूप. मी विचारलं, पोटॅशियमचं काय? "पोटॅशियम चांगलं असतं काका, एनर्जी येते."
जिना उतरताना मी कागद फाडला. शा. म्हणाली, "पोरीसमोर नाही फाडला हे बरं केलं."

१० जाने., शनि.
फ्रिजवर तीन कागद लावलेत.
शुगरचा: ज्वारीची भाकरी खा, डाळी-उसळी खा, पालेभाज्या भरपूर, पांढरा भात नको.
किडनीचा: भात चालेल, डाळ अगदी थोडी, पालेभाज्या नको, बाकी भाज्या चिरून उकळा आणि पाणी फेकून द्या.
बीपीचा: मीठ कमी.
पहिले दोन एकमेकांच्या छातीवर बसलेत. दोन्हींत बसेल असं शोधायला बसलो तर दुधी आणि काकडी उरली. माणूस दुधी-काकडीवर किती दिवस जगेल? तिसरा कागद तेवढा मी चोख पाळतो. दिवाळीपासून बीपीवाल्यांसाठीचं कमी सोडियमचं मीठ मीच आणतो. डबा माझ्या ताब्यात. रोज सपाट एक चमचा मोजून वाटीत काढून देतो, त्यावर एक खडा नाही.
बत्तीस वर्षं वाळूजला कंपनीत तपासणीला होतो. मापात नसलेला माल माझ्या टेबलावरून पुढं गेला नाही. आणि इथं बायकोचं एक ताट जुळवता येईना.
वर्षानं पुण्याहून कुठलीशी ऑनलाइन डाएटिशियन काढून दिली. फॉर्म इंग्रजी. पहिला प्रश्न: किती किलो कमी करायचेत?

१३ जाने., मंगळ. भोगी.
शेजारच्या वहिनींनी भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणून दिली. वास घरभर. शा.नं डबा माझ्यापुढं सरकवला. "तुम्ही खा, चांगली करतात त्या." तिच्या ताटात उकळून पाणी काढलेला दुधी. एक घास घेऊन म्हणाली, "याच्यापेक्षा ओलं फडकं चावलं तर काय वाईट?"
वाटीत अर्धा चमचा मीठ जास्त दिलं. बीपीचंच तर आहे, त्यानं काय होतंय. तेवढं तरी चवीचं लागू दे तिला. आता रोज दीड.

१६ जाने., शुक्र.
पो. ५.९. चतुर्थी बंद, भोगी बंद, शेंगदाणा घरात नाही, पावडर चालू, तरी वर!
दवाखान्यातल्या डाएटिशियनकडं गेलो. काउंटरवरचा म्हणाला, त्या फक्त ॲडमिट पेशंटला बघतात. म्हणजे बिघडल्यावर या. ओरडलो त्याच्यावर. वॉचमन आला. शा. बाकावर मान खाली घालून बसलेली.
तिच्या शेजारी सोयगावकडच्या एक बाई, नवऱ्याला डायलिसिसला घेऊन आलेल्या. सगळं ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, इथं वरडून काय फायदा नाय. स्टेशनच्या अंगाला ट्रस्टचा दवाखाना हाय ना, तिथं जाधव म्याडम बसतेत. बुधवारीच. किडनीवाल्यायचंच बघतेत. आमाला लई उशिरा कळलं, नायतर यांना हे सुया टोचणं लागलं नसतं."
त्यांचा नवरा आतून हाका मारत होता, त्या गेल्या. नाव विचारायचं राहिलं.

१९ जाने., सोम.
चोर सापडला. सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर शा. पीठ मळतेय, शेजारी भाजी उकळलेल्या पाण्याचं पातेलं. तेच पाणी पिठात.
"हे काय?"
"सगळा कस या पाण्यात उतरतो अहो. फेकायचं कसं? अन्न आहे."
पंधरा दिवस! पंधरा दिवस मी भाजीतून काढतोय आणि ही भाकरीतून परत पोटात घालतेय. पातेलं उचलून मोरीत ओतलं, ते हातातून सुटलं, वाजलं. काय काय बोललो ते लिहीत नाही. तुला मरायचंय का, हेही बोललो. शेजारच्या वहिनींनी खिडकी लावून घेतली.
तिनं नवं पीठ घेतलं, नळाचं पाणी घेतलं.
मला भीती वाटते. बाकी काही नाही, नुसती भीती आहे, ती रागातून बाहेर पडते.

२१ जाने., बुध.
ट्रस्टच्या दवाखान्यात सात वाजता हजर. आमचा नंबर तिसरा. दहा वाजता कळलं, जाधव मॅडम रजेवर, भाचीचं लग्न. पुढच्या बुधवारी.
शा. म्हणाली, "लग्नं काय आपल्याला विचारून निघतात का?" आणि हसली. सोमवारनंतर पहिल्यांदा.
घरी आल्यावर तिच्या पायावरची सूज दाबून पाहिली. खड्डा पडतो.

२४ जाने., शनि.
पो. ६.१.
ईसीजी काढला. सध्या ठीक आहे म्हणाले. पावडर दिवसातून तीनदा. आणखी वर गेलं तर थांबता येणार नाही, मानेत नळी घालून डायलिसिस सुरू करावं लागेल. शा. तिथंच होती. तिचा हात आपसूक मानेकडं गेला.
भाजीचं पाणी बंद, उपास बंद, सगळं बंद. मग येतंय कुठून? घरी तिला विचारलं, चोरून काही खातेस का? देवळात प्रसाद? वहिनींकडं चहाबरोबर काही?
"घ्या, झडती घ्या," म्हणाली. आणि मी घेतली. डबे, फडताळ, तिची पिशवी, देवघराचा खण. खणात वर्षाचा लहानपणचा फोटो आणि वाळलेल्या दूर्वा.

२७ जाने., मंगळ.
उद्यासाठी वही तयार केली. तीन दिवसांचं सगळं खाणं, कंपनीतल्या तपासणीच्या तक्त्यासारखे रकाने: वेळ, पदार्थ, किती, पाणी काढलं का. एकही रकाना रिकामा नाही. उद्या त्या बाई म्हणाल्या की काही करता येत नाही, तर मग कुठं जायचं मला माहीत नाही.

२८ जाने., बुध.
लिहायला हात होत नाही. लिहितो.
जाधव मॅडम पन्नाशीच्या, चष्मा दोरीला. वजन केलं नाही. वही पुढं केली, त्यांनी सावकाश वाचली, म्हणाल्या, फार नीट ठेवलीय. मला बरं वाटलं. मग वही मिटून शा.ला म्हणाल्या, "काय खाता ते वाचलं. आता कसं करता ते सांगा. चूल पेटवल्यापासून." शा. सांगत गेली. पहिल्यांदा तिला कोणी तरी विचारत होतं. तेल किती, फोडणीत काय, कोथिंबीर कधी. मग त्या म्हणाल्या, "मीठ?"
मीच उत्तर दिलं. ताठ बसून. मीठ माझ्याकडं असतं, बीपीचं खास कमी सोडियमचं, मोजून.
"रोज किती?"
"आधी एक चमचा, आता दीड. भाजीला चव लागत नाही म्हणून."
मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, "काका, त्या मिठात सोडियम कमी करतात, त्याच्या जागी पोटॅशियम घालतात. निरोगी माणसाला चालतं. यांच्यासाठी ते विष आहे."
दिवाळीपासून. रोज. माझ्या हातानं, सपाट चमचा.
पाकिटामागं लिहिलेलं असतं म्हणाल्या. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मालाची लेबलं वाचली मी.
त्यांनी तिथूनच आमच्या डॉक्टरांना फोन लावला. मीठ आजपासून बंद, पावडर चालू, पुढच्या गुरुवारी, ५ तारखेला रक्त. त्या रिपोर्टवर ठरवायचं, नळी की थांबायचं. मग कोरा कागद घेऊन तीन कागदांचा एक केला. भाकरी किती, भात किती, डाळ कोणत्या वाटीनं, साधं मीठ किती. अर्धा तास. इतकंच तर हवं होतं मला तीन आठवडे.
येताना रिक्षात शा.नं नवा कागद घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवला. मला वाटलं होतं काही तरी बोलेल.

२९ जाने., गुरु.
पाकीट कचऱ्यात टाकलं. मग काढलं, मागचं वाचलं. आहे लिहिलेलं. बारीक अक्षरात, किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. परत टाकलं.
शा.चं सगळं नेहमीसारखं. चहा, गोळ्या, पूजा. माझ्याशी फक्त कामापुरतं.

१ फेब्रु., रवि.
जेवताना म्हणालो, "चुकलं माझं." ती भाकरी मोडत राहिली. मग म्हणाली, "मीठ तुमचं होतं. बंद माझी चतुर्थी केली. पातेलं माझं आपटलं. देवघराचा खण माझा उचकला."
मी हातातला घास ताटात ठेवला.
"मरायचंय का असं विचारलंत ना त्या दिवशी? लई लागलं ते. मला नाही मरायचं. मला माझी चतुर्थी परत पाहिजे."

२ फेब्रु., सोम.
ट्रस्टच्या दवाखान्यात फोन केला, जाधव मॅडमना निरोप ठेवला. दुपारी त्यांचा उलटा फोन. उपाशी राहायचं नाही, शुगर उतरेल. वेळच्या वेळी थोडी भगर, तूप, पाणी काढलेला दुधी, काकडी. बटाटा, शेंगदाणा, खजूर, राजगिरा नाही. मीठ त्यांनी सांगितलं तेवढंच. एवढं पाळलं तर करू द्या, म्हणाल्या, "त्यांचा जीव आहे त्यात." सगळं लिहून घेतलं आणि कागद शा.च्या हातात दिला. फ्रिजवर तिनंच लावला. मिठाचा डबाही तिच्याकडं दिला.

५ फेब्रु., गुरु. संकष्टी.
सकाळी रक्त दिलं. शीर सापडेना, दोनदा टोचलं. येताना तिनं दूर्वा घेतल्या, घासाघीस करून.
दुपारी भगर. मलाही तीच वाढली. मी विचारलं नव्हतं, तिनंही विचारलं नाही.
सव्वासहाला फोन वाजला. लॅबचा मेसेज, रिपोर्ट तयार आहे. बोट लावलं की उघडेल. बोट लावणार तोच शा.नं फोन माझ्या हातातून घेतला आणि देवापुढं पालथा ठेवला.
"चंद्र निघाल्यावर."
"अगं, पण त्यात काय आहे ते—"
"जे आहे ते आहे. उपास सोडल्यावर दोघं मिळून बघू. यावेळी तुम्ही एकट्यानं बघायचं नाही."
कॅलेंडरवर चंद्रोदय साडेनऊच्या पुढं आहे. आत्ता सात वाजून दहा मिनिटं झालीत. ती दूर्वा निवडत बसलीय, मी समोर.