गळ्यात काही बांधायचं नाही

बा, ही गोष्ट मी डेपोत कुणाला सांगितलेली नाही. सांगितली असती तर म्हणाले असते, काय बाई, एका कुत्र्यासाठी एवढं? एका कुत्र्यासाठीच आहे, दुसरं काही नाही. तुला सांगते, कारण मळ्यात कुत्रं कशाला बांधतात हे तुझ्याकडून कळलं होतं आणि त्याच कारणावरून मी तुझ्याशी अबोला धरला होता. तू गेलास तेव्हा मला नोकरी लागायची होती. आता मी एसटीत कंडक्टर आहे. शहाद्याहून तोरणमाळला जाणारी गाडी बहुतेक माझ्याकडेच असते. घाटात पोरी ओकतात, म्हातारे ड्रायव्हरला शिव्या देतात, कोंबडीचं तिकीट का काढायचं म्हणून बाया माझ्याशी हुज्जत घालतात. माझा आवाज तुझ्यावर गेलाय, मागच्या सीटवर झोपलेला माणूससुद्धा उठून बसतो.

गावाबाहेर घाटाच्या रस्त्याला कुत्र्यांचा एक निवारा आहे. सुरतेत धंदा करणाऱ्या एका माणसानं हौसेनं काढला, फोटो काढले, पेढे वाटले, मग हौस फिटली आणि तो यायचाच बंद झाला. उरल्या पत्र्याच्या दोन शेडी आणि राखणीला ठेवलेला एक म्हातारा. आमची गाडी तिथं हात दाखवला की थांबते, त्यामुळे जाळीमागचं मला रोज दिसायचं. त्यात एक तांबडं कुत्रं होतं, ते मान वाकडी करून एकाच जागी उभं असायचं. बसलेलं मी त्याला कधी पाहिलं नाही. सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम आत गेले. बा, वास असा की पदर नाकावरून काढवेना. त्या कुत्र्याच्या गळ्यात कुणीतरी पिल्लू असताना नायलॉनचा पट्टा घातला होता आणि पुढे तो कुणी सैल केला नव्हता. कुत्रं वाढलं, पट्टा तेवढाच राहिला, आणि आता तो दिसतही नव्हता, मांसात गेला होता, वर माश्या. म्हाताऱ्याला मी नको नको ते बोलले. तो खाली बघत म्हणाला, "खावाले उनं तं टाकस, बाई. नही उनं तं काय टाकू?" त्याच्याही बरगड्या दिसत होत्या. मी मग रिक्षा बोलावली.

ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कात्रीनं तो पट्टा कापून काढला. मी डोकं धरलं होतं. ते चावलं नाही, नुसतं थरथरत राहिलं. डॉक्टर म्हणाले, जखम भरेल, पण कातडी आता कायमची नाजूक राहणार, याच्या गळ्यात काही बांधायचं नाही, दोरी नाही, पट्टा नाही, काहीच नाही. मी ते पाठ केलं. माझी खोली भाड्याची, वरच्या मजल्यावर. घरमालकीण जिन्यात आडवी उभी राहिली. "जखम भरस तंवर ठेव. त्यानापुढे एक दिन बी नही," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी शिळ्या भाकरी मात्र स्वतःच आणून दिल्या. कुत्रं पहिले काही दिवस उभंच राहायचं. आडवं व्हायचं असतं हे ते विसरलं असावं. मग एकदा मी ड्यूटीवरून आले, बॅग खाली ठेवली, पाय पसरले, तर ते आलं आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकवून झोपलं. मला ते फार आवडायला लागलं होतं, हे आता लपवून काय करू? पण घरमालकीण शब्दाची पक्की होती आणि जखम भरत आली होती. त्याला घर मिळालं नाही तर परत त्या जाळीमागेच सोडावं लागणार होतं. मी गाडीत सगळ्यांना विचारत सुटले. पिल्लू असतं तर नेलं असतं, असं म्हणणारे पुष्कळ. एकानं विचारलं, विलायती आहे का? एक टारगट म्हणाला, बाई, त्याचं तिकीट अर्धं का पूर्ण? त्याला मी पुढच्या थांब्यावर उतरवणारच होते.

तेव्हा तुझी आठवण यायला लागली, बा. आपली झोपडी मळ्यातच होती, तू सालदार, वर्षभराच्या बोलीवर बांधलेला, रात्रीची राखणही तुझ्याकडेच. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला केळी. मालकानं दिलेलं एक पांढरं कुत्रं होतं. दिवसभर ते माझ्या मागं फिरायचं आणि अंधार पडायच्या आत तू ते झोपडीच्या दाराशी, उसाच्या बाजूला बांधायचास. मी माझी अर्धी भाकर त्याला द्यायचे, शाळेतलं सगळं त्याला सांगायचे. तुला ते खपायचं नाही. "कुत्रासंगे इतलं बोलानं नही," एवढंच म्हणायचास. मग ती सकाळ. माय चूल पेटवायची विसरून दारात उभी आहे. दोरी तुटलेली, आणि मातीत ओढत नेल्याची खूण सरळ उसात गेलेली. तू उरलेली दोरी सावकाश गुंडाळतोयस. मी तुझ्या अंगावर धावून गेले, ओरडले की तूच बांधलंस त्याला तिथं, वाघासाठी बांधलंस. बिबट्याला तेव्हा आपण वाघच म्हणायचो. तू "हा" म्हणालास. "तू व्हती ना झोपडीमा," म्हणालास आणि दोरी खुंटीला अडकवून पाणी द्यायला निघून गेलास. मारलं असतंस तरी बरं वाटलं असतं. पुढं कितीतरी दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तू जेवताना दादर ज्वारीच्या भाकरीचा वरचा कुरकुरीत पापुद्रा काढून माझ्या ताटात ठेवायचास. मी तो तुझ्यादेखत कोंबड्यांना टाकायचे. दुसऱ्या दिवशी तू परत ठेवायचास.

आणि अशात एक माणूस म्हसावदला गाडीत चढला. उमर झालेला, टोपी, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. माझं कुत्र्याचं पालुपद त्यानं आधीच ऐकलेलं होतं. जवळ येऊन विचारलं, "ताई, भुकस का ते? मुकं नको माले." मी म्हटलं, आता भुंकायला लागलंय. तो म्हणाला, "उसमा वाघनी मादी शे, पिल्लासंगे. ती पहिले कुत्राले धरस, मंग आम्हीन जागा व्हतस. मन्ही नात अंगनमा ऱ्हास." बा, मी तिकीट काढायची थांबले. मी म्हटलं, म्हणजे मारायलाच नेताय. तो चिडला नाही. "मारासाठे कोन लई जास, ताई? दूध-भाकर खावाले दिसू. पन रातले बाहेर बांधसू, खोटं कसाले बोलू?" मी त्याला नाही म्हटलं, आणि चांगलं फटकन म्हटलं. गाडीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

पण खरं सांगू का, इतक्या लोकांत खरं बोलला तो एकटाच. बाकीचे नेऊन दोन दिवसांत रस्त्यावर सोडणार हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. जखम भरली. घरमालकिणीनं जिन्यात पुन्हा हटकलं. मी तोरणमाळला रात्रीचा मुक्काम असला की कुत्रं खोलीत कोंडलेलं, रडून रडून सगळ्या वाड्याला उठवायचं. शेवटी एकीकडे तो निवारा आणि एकीकडे तो मळा, एवढंच उरलं. त्या माणसानं उतरताना तिकिटामागं नंबर लिहून दिला होता, त्यावर मी फोन केला. अटी घातल्या, दिवा असेल तिथं बांधायचं, आणि गळ्यात काही बांधायचं नाही, बांधायचं तर छातीवरून. तो सगळ्याला हो म्हणाला. त्याच्या घरवालीनं जुन्या लुगड्याच्या घड्या घालून छातीचा पट्टा शिवून ठेवला होता. त्याच्या पिकअपमध्ये चढवताना कुत्रं माझ्याकडे बघत राहिलं आणि मी मुद्दाम बॅगेतली चिल्लर शोधत राहिले.

पुढं सुट्टीला मी बघायला गेले. माझा जीव थाऱ्यावर नव्हता, पण तिथं पाहिलं आणि मला वाटलं, बरं केलं मी. कुत्रं भरलं होतं, अंगावर चकाकी आली होती. केळीच्या ओळीतून नुसतं उधळत होतं आणि ती नात मागं. पोर त्याच्या मानेला खोबरेल लावायची, रोज, न सांगता. मला पाहून ते सगळं अंग हलवत आलं, पाडलंच मला. निघताना गोठ्याच्या भिंतीवर मला चामड्याचा एक रुंद पट्टा दिसला, बाहेरच्या अंगाला खिळ्यांची टोकं आलेला. आधीच्या कुत्र्याचा. त्यानं तो उतरवून मला दाखवला. "हाऊ घालू का रातले? वाघना दात लागत नही," म्हणाला. मी कुत्र्याच्या मानेकडे बघितलं. केस आले नव्हते, नुसती गुलाबी कातडी. त्यानं चामडं नुसतं टेकवलं तर ते किंचाळून माझ्या साडीत शिरलं. मी त्याला सांगितलं, डॉक्टरांनी बजावलंय, गळ्यात काही बांधायचं नाही म्हणजे नाही. पायरीवर लोंबकळणाऱ्याला दटावते त्या आवाजात सांगितलं. तो म्हणाला, "बरं ताई, तू सांगशी तसं," आणि पट्टा परत खिळ्याला टांगला.

मग एका सकाळी तो म्हसावदलाच चढला. जागा होती तरी बसला नाही, माझ्याजवळ दांडा धरून उभा राहिला. "ताई, गयं," म्हणाला. लाईट गेलेली, उकाडा म्हणून नात ओट्यावर खाटेवर झोपली होती. मादी अंगणात शिरली ती नातीच्या बाजूनंच आली. कुत्रं भुंकलं, घरातले काठ्या घेऊन बाहेर आले, तोवर तिनं त्याला गळ्याला धरलं होतं. सोडून पळाली, पण तेवढ्यात झालं होतं. पोर वाचली. त्यानं कुत्र्याला बांधावर पुरलं, नातीनं फुलं घातली, हेही सांगितलं. नंतर म्हणाला, "पट्टा ऱ्हाता तं..." आणि खिडकीतून बाहेर बघायला लागला. त्यानं मला दोष दिला नाही, बा. माझी अट त्यानं अक्षर न अक्षर पाळली होती. मी ज्या गळ्याला वाचवायला निघाले होते, तोच मी उघडा ठेवला. मी बेल मारली, गाडी घाटाला लागली, आणि लोक तिकीट मागत होते तरी मला मशीनवरचे आकडे दिसेनात. वर पोचल्यावर ड्रायव्हरनं चहा आणून दिला.

त्या एका "हा"चा मला तुझ्यावर किती वर्षं राग होता. मला वाटायचं, तुला काही वाटलंच नसेल. आता वाटतं, तू जवळ असतास तर मला नीट शिव्या तरी घातल्या असत्यास. इथं सगळे म्हणतात, पोर वाचली ना, मग झालं. पोर वाचली ही चांगलीच गोष्ट आहे, मलाही ती आवडते. तरी मला रात्री जेवण जात नाही.

हे कागद लिहून झाले की मी ते पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली टाकणार आहे. तू असतास तरी तुला वाचता येत नव्हतं, आणि मोठ्यानं वाचून दाखवायची माझी छाती झाली नसती. कारण पुढचं अजून राहिलंय. त्या माणसाचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "ताई, आखो एखादं कुत्रं शे का? मादी आजून उसमाच शे." मी रागावेन असं मला वाटलं होतं. मी म्हटलं, बघते. सुट्टीला निवाऱ्यात गेले. एका शेडीचे पत्रे उडाले होते, म्हातारा तापानं फणफणत पडला होता आणि पाण्याच्या हौदात शेवाळ. खिळ्यांचा पट्टा घालता येईल असा धड गळा बघायचा होता. तसे दोनच होते. एक काळं, जाळीतून जीभ काढून माझी बोटं चाटत होतं, शेपटी थांबतच नव्हती. दुसरं मागं कोपऱ्यात पडलेलं, त्यानं डोकं उचललं, मला पाहिलं आणि परत खाली ठेवलं. बा, मी कोपऱ्यातलं दिलं. मळ्याला कुठलं चांगलं, हे मी बघितलंच नाही. कुठलं गेल्यावर मला कमी रडू येईल, तेवढंच बघितलं.